दाखवलेले बोट, ठेवलेले बोट

मराठी भाषेने बोटांवर सोपवलेली कामे मोजू गेल्यास हाताची बोटे पुरायची नाहीत. आश्चर्य वाटले की आपण तोंडात बोट घालतो, दुर्मीळ माणसे बोटांवर मोजतो, आणि बोट दिले असता हात धरणारा एखादा गृहस्थ प्रत्येकाच्या परिचयाचा असतोच. या साऱ्या वाक्प्रचारांत दोन मात्र असे आहेत, की त्यांच्यातील भेद आम्हांला अलीकडे फार मोलाचा वाटू लागला आहे. एक बोट दाखवणे आणि दुसरा बोट ठेवणे. दाखवणाऱ्याचे बोट हवेत असते. ते नेमके कोणाकडे रोखलेले आहे याविषयी वाद घालता येतो, प्रसंगी दाखवणाऱ्याला ते गुपचूप खालीही घेता येते. ठेवणाऱ्याचे बोट एका जागी टेकलेले असते. ‘या ओळीवर मी बोट ठेवतो’ असे म्हणणाऱ्याने आपले मत पक्के केलेले असते आणि त्याचे उत्तरदायित्वही पत्करलेले असते.

हा भेद आमच्या ध्यानी आणून दिला तो एका कॅमेऱ्याने. जाड कागदावर कळफलकाचे चित्र छापावे, तो मेजावर पसरावा, वर एका दांडीला मोबाईल फोन अडकवावा, फोनच्या कॅमेऱ्याने लिहिणाऱ्याच्या बोटाचे टोक न्याहाळत राहावे आणि ते ज्या अक्षरावर टेकेल ते अक्षर पडद्यावर उमटवावे, अशी ती योजना. कागदात वीज नाही, कळ नाही, स्प्रिंग नाही. सारी किमया पाहण्यात आहे. आमच्या पुतण्याने कलबुर्गीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी हा प्रकल्प हाती घेतला. परीक्षा झाली, गुण मिळाले, नोकरीही लागली. तरी सुटीच्या दिवशी बीदरला येऊन त्याची त्यात काही ना काही सुधारणा चालूच असते. २०१७ साली बीदर ते कलबुर्गी हा थेट लोहमार्ग सुरू झाल्यापासून हे येणेजाणे सुलभ झाले आहे. परंतु त्याला येथे ओढून आणतो तो लोहमार्ग नव्हे. त्याला आणते ती त्याची आत्या, म्हणजे आमची अक्का.

अक्का आमच्याहून सात वर्षांनी मोठी. भालकी तालुक्यातील मराठी शाळांतून तिने तीस वर्षांवर शिकवले. गावोगावी बदली होत असताना तिने एक छंद जोपासला. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायका ज्या ओव्या म्हणत, त्या ती ध्यानात ठेवी आणि सवडीने चिठ्ठ्याचपाट्यांवर, हजेरीपटाच्या मागे, दिनदर्शिकेच्या पानांवर उतरून काढी. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अंगणात उलथी पडली, त्या बायकाही एकेक करून गेल्या. अक्काच्या चिठ्ठ्या मात्र दोन पत्र्याच्या पेट्यांत भरून उरल्या. त्यांतील निम्मा मजकूर केवळ खुणेचा आहे. एका ओवीचा पहिला शब्द आणि म्हणणारीच्या गावाचे नाव, एवढेच कागदावर. बाकीचे अक्काच्या स्मरणात. तेव्हा हे काम दुसऱ्या कोणी नकलून देण्याजोगे नाही. आणि ज्या हातांनी ते करायचे, त्या हातांना आमवाताने गेली बारा वर्षे ग्रासले आहे. बोटांचे सांधे सुजले आहेत, बोटे करंगळीच्या दिशेने कललेली आहेत, लेखणी धरवत नाही.

आम्ही घरच्यांनी उपाय केले नाहीत असे नव्हे. संगणकाच्या कळा दाबताना सांध्यांत कळ उठते. एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ अक्काच्या वाट्याला एकदम यावेत हा भाषेचा क्रूर विनोदच म्हणायचा. स्पर्शाच्या पडद्यावर जोर लागत नाही हे खरे, पण तेथे दुसरी अडचण आहे. तिचे एक बोट टेकले की वाकलेली शेजारची बोटेही टेकतात आणि पडदा त्या सर्वांची दखल घेतो. बोललेले मराठी लिहून देण्याची सोय फोनमध्ये आहे, परंतु ओवीतील मराठी ही वृत्तपत्राची मराठी नव्हे. तिच्यात कानडी आहे, दखनी आहे, चालीसाठी ओढलेले स्वर आहेत. यंत्र ते ऐकते आणि भलतेच काही सुबकपणे लिहून देते. कागदाचा कळफलक मात्र हवा तेवढा मोठा छापता येतो, त्यावर जोर द्यावा लागत नाही, आणि कॅमेऱ्याला सांगून ठेवता येते की बाकीच्या बोटांकडे लक्ष देऊ नकोस, केवळ तर्जनीचे टोक पाहा.

‘केवळ तर्जनीचे टोक पाहा’ हे वाक्य उच्चारायला जितके सोपे, तितके ते यंत्राला समजावणे कठीण आहे. कचेरीतील जुन्या टंकलेखनयंत्राला हा प्रश्न कधीच पडला नाही. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले, तेव्हापासून कचेऱ्याकचेऱ्यांतून त्या यंत्रांचा खडखडाट दोन पिढ्यांनी ऐकला. त्या यंत्रात बोट ठेवणे म्हणजे लोखंडाची दांडी उचलणे होते. दांडी कागदावर आपटली की अक्षर उमटले. ती न आपटली तर नाही. मधली अवस्था नव्हती. त्याची किंमत बोटांनी मोजली. कोणत्या बोटाने कोणती कळ किती जोराने दाबायची, हे माणसाने शिकायचे, त्याची परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र मिळवायचे. ज्याचे बोट अधू, त्याला त्या खोलीत जागा नव्हती. कॅमेऱ्याच्या कळफलकात शिकण्याची पाळी प्रथमच यंत्रावर आली आहे, आणि म्हणून यंत्र किती चांगले शिकते हा प्रश्न आमच्या घरापुरता तरी केवळ तंत्राचा राहिलेला नाही.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १९९१ च्या सुमारास केंब्रिज येथील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात पिएर वेलनर यांनी एक मेज रचले होते. त्याच्यावर वरून कॅमेरा व प्रक्षेपक लावलेले होते आणि साध्या कागदावर बोट टेकवून संगणकाला आज्ञा देता येत असे. २००२ मध्ये कॅनेस्टा या अमेरिकी कंपनीने मेजावर लाल प्रकाशाचा कळफलक पाडण्याची युक्ती दाखवली. त्यात मेजाच्या किंचित वर अदृश्य अवरक्त प्रकाशाचा एक पातळ पापुद्रा पसरलेला असे. बोट त्यात शिरले की उजळे, आणि कॅमेऱ्याला तेवढेच दिसे. २००९ च्या नोव्हेंबरात आमच्याच राज्यात, म्हैसूरच्या इन्फोसिसच्या आवारात भरलेल्या टेड इंडिया परिषदेत प्रणव मिस्त्री या गुजराती तरुणाने आपले ‘सिक्स्थ सेन्स’ नावाचे उपकरण सादर केले. मुंबईच्या आयआयटीत शिकून ते अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये संशोधन करीत होते. गळ्यात अडकवलेला छोटा कॅमेरा व प्रक्षेपक, बोटांच्या टोकांना लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या रंगांच्या खुणा आणि तळहातावर उमटणारे दूरध्वनीचे आकडे, हे दृश्य तेव्हा देशभर गाजले होते. सामग्रीचा खर्च सुमारे ३५० डॉलर सांगितला जाई.

त्या रंगीत टोप्या कशासाठी, हे आम्हांला तेव्हा कळले नव्हते. पुतण्याचे पहिले प्रयोग पाहताना ते उमगले. त्याने प्रारंभी कातडीच्या रंगावरून हात ओळखण्याचा मार्ग धरला होता. कॅमेऱ्याच्या चित्रातील ज्या ठिपक्यांचा रंग कातडीच्या जवळचा, तो हात. आणि त्या आकृतीचे सर्वांत पुढे आलेले टोक, ते बोटाचे अग्र. सकाळी खिडकीच्या उजेडात हे ठीक चाले. सायंकाळी पिवळा दिवा लागला की मेजाचे सागवान आणि आमचा हात यांत कॅमेऱ्याला फरक दिसेनासा होई. लग्नसराईत आमच्या सूनबाईंनी मेंदी लावली आणि तिच्या बोटांची टोके यंत्राच्या दृष्टीने नाहीशीच झाली. गोऱ्या हाताला बसवलेले माप उन्हात राबलेल्या हाताला लागू पडत नाही, आणि तुरीच्या शेतात उभा जन्म काढलेल्या माणसाच्या हाताला तर मुळीच नाही. महसुली कामात आम्ही हजारो अंगठे उमटताना पाहिले आहेत. कष्टाने रेषा झिजलेला अंगठा कागदावर नुसता शाईचा डाग होऊन बसे. माणसाला ओळखण्याची जी जी युक्ती निघते, ती आधी मऊ हात ओळखते आणि राबलेले हात मागाहून, असा आमचा अनुभव आहे.

बीदरच्या माणसाला वास्तविक या अडचणीचे मर्म समजायला वेळ लागू नये. आमच्याकडील बिदरी कामात जस्त व तांब्याच्या मिश्रणाचे भांडे ओतून घासून गुळगुळीत केले की ते पांढरट दिसते. त्यावर नक्षी कोरायची तर कारागीर आधी मोरचुदाचे पाणी लावून पृष्ठभाग तात्पुरता काळा करतो. मग सळईने ओढलेली रेघ काळ्यावर स्पष्ट उठून दिसते आणि हाताला वाट सापडते. पुढे त्या रेघांत चांदीची तार ठोकून बसवली, भांडे घासले, की अखेरीस किल्ल्यातील विशिष्ट माती व नवसागर यांच्या लेपाने धातू कायमचा काळा होतो आणि चांदी तशीच झळकत राहते. म्हणजे दोन्ही वेळा कारागीर पार्श्वभूमी आणि रेषा यांच्यात अंतर निर्माण करतो. मिस्त्री यांच्या रंगीत टोप्या हा तोच मार्ग होता. पुतण्यानेही निळ्या चिकटपट्टीचा तुकडा अक्काच्या तर्जनीला गुंडाळून पाहिला. अक्षरे भराभर उमटू लागली. परंतु सुजलेल्या पेरावरून ती पट्टी काढताना अक्काने ओठ घट्ट मिटून घेतले, ते पाहून त्यानेच तो मार्ग सोडला. ‘आत्या, पट्टीशिवाय जमवतो,’ एवढेच म्हणाला.

पट्टीशिवाय जमण्याची वाट तोवर मोकळी झाली होती. २०१९ साली गूगलने मीडियापाइप या संचाचा भाग म्हणून हात ओळखणारी एक प्रणाली सर्वांसाठी खुली केली. सुमारे ३० हजार छायाचित्रांतील हातांवर माणसांनी प्रत्येकी २१ बिंदू खुणावून दिले होते आणि त्यांवरून यंत्राने हाताची घडण शिकून घेतली होती. मनगट हा शून्य क्रमांकाचा बिंदू, अंगठ्याचे टोक ४, तर्जनीचे ८, मधल्या बोटाचे १२, अनामिकेचे १६ आणि करंगळीचे २०. तिच्यातील एक गोष्ट आम्हांला फार आवडली. ही प्रणाली आरंभी बोट शोधतच नाही. ती तळहात शोधते. बोटे चंचल, शंभर तऱ्हांनी वळणारी, एकमेकांमागे दडणारी. तळहात त्या मानाने स्थिर व ठोकळेबाज. एकदा तो सापडला की त्याच्या आधाराने बोटे कोठे असावीत याचा अंदाज बांधता येतो, दडलेल्या बोटाचासुद्धा. घरमालक सापडला की बिऱ्हाडकरूंचा पत्ता लागतो, तसेच हे.

मात्र अंदाज हा नेहमीच्या हातांवरून बांधलेला असतो. शिकलेले कोणतेही यंत्र आपण जे अधिक पाहिले त्याच्याकडे झुकते. अक्काची कललेली तर्जनी पुतण्याच्या प्रणालीला प्रत्यक्षापेक्षा थोडी सरळ दिसे, आणि बोट एका अक्षरावर तर यंत्राचा आठवा बिंदू शेजारच्या अक्षरावर असा घोळ होई. यावर त्याने जो उपाय केला तो साधा आहे. लिहिण्यास बसण्यापूर्वी अक्काने कागदावरील नऊ ठरावीक ठिपक्यांवर क्रमाने बोट ठेवायचे. बोट खरोखर कोठे आहे हे ठाऊक, यंत्राला ते कोठे दिसते हेही ठाऊक. दोहोंतील अंतर नोंदवून पुढील प्रत्येक अक्षराच्या वेळी तेवढे वजा करायचे. थंडीत तिची बोटे अधिक आखडतात, म्हणून हे माप रोज नव्याने घ्यायचे. जमीन मोजण्यापूर्वी साखळी तपासून घेण्याचा हा परिपाठ आमच्या तरी अंगवळणी पडलेला होता.

दुसरी व्याधी थरथरीची. हात स्थिर ठेवला तरी यंत्राला दिसणारा बिंदू डासासारखा भिरभिरतो. काही अंशी तो कॅमेऱ्याचा दोष, काही अंशी वयाचा. बिंदूच्या मागील दहापाच जागांची सरासरी काढली तर भिरभिर थांबते, पण मग बोट पुढे गेले तरी यंत्र मागेच रेंगाळते. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेतो, म्हणजे दहा चित्रांची वाट पाहायची तर सेकंदाचा तिसरा हिस्सा गेला. लिहिणाऱ्याला एवढा विलंब जाचतो. यावर गेरी कॅसिए, निकोला रुसेल व डॅनियल व्होगेल यांनी २०१२ साली एक सुटसुटीत तोड सुचवली. तिला त्यांनी ‘वन यूरो फिल्टर’ असे गमतीचे नाव दिले. बोट सावकाश हलत असेल तर यंत्राने अधिक गाळून घ्यावे, कारण तेव्हा थरथर खुपते. बोट वेगाने चालले असेल तर कमी गाळावे, कारण तेव्हा विलंब खुपतो. समोरचा माणूस विचार करीत थांबला असेल तर धीर धरावा आणि घाईत असेल तर त्याला अडवू नये, हे शहाणपण आम्ही कचेरीच्या खिडकीमागे बसून शिकलो, ते या संशोधकांनी दोन ओळींच्या सूत्रात बसवले आहे.

येवढे झाल्यावरही मूळ प्रश्न उभाच राहिला. बोट कोठे आहे ते कळले. पण ते दाखवलेले आहे की ठेवलेले? एका अक्षरावरून दूरच्या अक्षराकडे जाताना बोट वाटेतील साऱ्या अक्षरांवरून जाते. यंत्राने ती सारी लिहून टाकावीत काय? कॅमेरा उंच टांगला तर कोणत्या अक्षरावर बोट आहे ते स्वच्छ दिसते, परंतु बोट कागदापासून दोन बोटे वर आहे की टेकलेले, हे वरून पाहणाऱ्याला कळत नाही. कॅमेरा खाली, मेजाच्या पातळीजवळ आणला तर टेकलेले बोट बरोबर ओळखू येते, पण कळफलकाच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि बोट कोणत्या ओळीत आहे ते सांगता येत नाही.

ओळ चुकणे आपल्या लिपीला फार महागात पडते. पुतण्याने छापला आहे तो इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात ज्याचा समावेश आहे तो. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी शिस्तशीर मांडणी आहे. ऱ्हस्व वेलांटीच्या लगेच वरच्या ओळीत दीर्घ वेलांटी, ऱ्हस्व उकाराच्या वर दीर्घ उकार, ‘त’ च्या वर ‘द’. म्हणजे बोट एक ओळ सरकले की ‘दिन’ चा ‘दीन’ होतो, ‘सुत’ होता तेथे ‘सूत’ येते आणि दाराची तार होते. ओवीत तर लेकाला ‘सुत’ म्हणायचे आणि चरख्यावर ‘सूत’ काढायचे, असे दोन्ही शब्द पाठोपाठ यायचे. अक्का शाळेत मुलांच्या वेलांट्या दुरुस्त करीत आली; तिच्या नावावर अशुद्ध मजकूर निघणे तिला सोसवणारे नव्हते.

बोट टेकले हे ओळखण्याच्या निरनिराळ्या युक्त्या जगात झाल्या आहेत. २००५ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील अँड्र्यू विल्सन यांनी सावलीचा आश्रय घेतला. बोट वर असते तेव्हा त्याची सावली त्याच्यापासून दूर पडते. बोट खाली येऊ लागले की सावली त्याच्या जवळ येते, आणि बोट टेकते त्या क्षणी बोट व सावली यांची टोके एकमेकांना भेटतात. कल्पना इतकी सुंदर की कोणाही कवीला तिचा मोह पडावा. आमच्या घरात मात्र एक दिवा छताला, एक भिंतीला आणि खिडकीतून येणारे ऊन वेगळे, त्यामुळे अक्काच्या एका बोटाला तीन सावल्या. कॅनेस्टाच्या प्रकाशाच्या पापुद्र्याचाही उपयोग नव्हता, कारण तिची वाकलेली बोटे तो पापुद्रा एकदमच छेदणार.

शेवटी पुतण्या वळला तो १९९१ च्या त्या जुन्या मेजाकडे. वेलनर यांनी मेजाच्या खालच्या अंगाला एक ध्वनिग्राहक चिकटवला होता. बोट कोठे आहे ते कॅमेऱ्याने सांगायचे आणि बोट टेकले ते मेजाच्या फळीतून येणाऱ्या टकटकीने. डोळ्याने जागा पाहायची, कानाने क्षण टिपायचा. पुतण्याने आमच्या जुन्या शिसवी मेजाच्या पोटाला तसाच एक स्वस्तातला ध्वनिग्राहक लावला आणि प्रथमच अक्काचे ठेवलेले बोट यंत्राला कळू लागले. अर्थात विघ्न आलेच. अक्काच्या हातातील बांगड्या मेजावर किणकिणल्या की यंत्र त्यालाही अक्षर समजे. बांगड्या काढून ठेवण्याची सूचना कोणी केली नाही, आणि केली असती तरी ती मान्य झाली नसती. मग नियम असा ठरला की आवाज आला आणि त्याच्या मागेपुढे तीन चित्रांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, तर्जनीचे टोक खाली येऊन थांबलेले दिसले, तरच अक्षर लिहायचे. नुसता आवाज असेल तर सोडून द्यायचे, नुसते थांबणे असेल तरीही सोडून द्यायचे. पंचनाम्यावर एकाच पंचाची सही चालत नाही, हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो हसला; पण पुढे त्या नियमाला त्याने ‘काकांचा पंचनामा’ हेच नाव ठेवले.

यानंतर यंत्राने स्वतःच एक आगळीक आरंभली. चुका कमी व्हाव्यात म्हणून पुतण्याने त्यात मराठी शब्दांची यादी भरली होती. बोट दोन अक्षरांच्या सीमेवर पडले तर यादीतील जवळचा शब्द पाहून यंत्राने निवड करायची, अशी व्यवस्था. प्रमाण मराठीसाठी ती उत्तम ठरली. अक्का ‘हुग्गी’ लिहू लागली तेव्हा मात्र यंत्राने ‘सुगी’ पुढे केली. आमच्या सीमाभागात सणासुदीला गव्हाची हुग्गी रांधतात. शब्द कानडीतून आलेला, पण बीदर, कलबुर्गी, सोलापूर या टापूतील मराठी घरांतही रुळलेला. सुगी हाही गोड शब्द, अर्थही जुळण्याजोगा. अनवधानाने तोच कागदावर राहिला असता तर वाचणाऱ्याला संशयही आला नसता, आणि एका बाईने एका पहाटे म्हटलेला शब्द कायमचा पुसला गेला असता. अक्काने त्या सूचनेकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाली, ‘मी बोट ठेवलं ते लिही म्हणावं. मला काय म्हणायचंय ते त्याला विचारलं नाही मी.’

आम्हांला वाटते, या विद्येतील सुधारणेची खरी कसोटी त्या वाक्यात आहे. यंत्र फारच कमी ओळखू लागले तर अधू हाताला लिहिता येत नाही. फारच जास्त ओळखू लागले तर लिहिणाऱ्याच्या जागी तेच लिहू लागते. थरथर गाळणे योग्य, कारण थरथर अक्काची इच्छा नव्हे. कललेल्या बोटाचे माप वजा करणे योग्य, कारण ते कलणे तिने निवडलेले नाही. परंतु शब्द तिने निवडलेला आहे. शरीराच्या अडचणी यंत्राने निवाराव्यात आणि मनाने केलेल्या निवडीला हात लावू नये, ही सीमा आखता आली तर बोटाचा माग ठेवणारी प्रणाली सुधारली असे म्हणावे. पुतण्याने शब्दांची यादी काढून टाकली. अक्काचा वेग त्याने निम्म्यावर आला. तिची तक्रार नाही.

सीमा या शब्दाचा आम्हां बीदरकरांशी जुना संबंध आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद संस्थानाचा जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बीदर, भालकी, हुमनाबाद वगैरे म्हैसूर राज्यात आले आणि काही भाग आंध्राकडे गेला. आमची पिढी या वाटणीनंतर जन्मली. कचेरीत कन्नड, घरी मराठी आणि बाजारात दखनी, असे आमचे आयुष्य गेले, आणि त्यात आम्हांला काही उणे वाटले नाही. टंकलेखनयंत्र मात्र प्रत्येक भाषेचे निराळे असे. त्यामुळे इनस्क्रिप्टची एक खुबी समजली तेव्हा आम्ही काही वेळ त्या कागदाकडे पाहतच राहिलो. त्याची मांडणी लिपीवर नाही, वर्णमालेच्या क्रमावर आधारलेली आहे. देवनागरीत जेथे ‘क’ आहे तेथेच कन्नड लिपीतही ‘क’ आहे. ‘त’ च्या जागी ‘त’, वेलांटीच्या जागी वेलांटी. काही जादा स्वर वगळले तर बोटाला नवे काही शिकावे लागत नाही. बोट तेच, जागा तीच. एक खूण बदलली की अक्षर दुसऱ्या लिपीत उमटते.

अक्काच्या पेटीतील सातशेवर चिठ्ठ्यांपैकी आजवर एकशे अडतीस ओव्या उतरवून झाल्या आहेत. दिवसाकाठी एक, क्वचित दोन. थंडीत एकही नाही. हिशेब मांडला तर उरलेल्या चिठ्ठ्यांना किती वर्षे लागतील आणि अक्काचे वय किती होईल, हे आम्हांला कळते आणि तिलाही कळते. त्याविषयी आम्ही बोलत नाही. परवा तिच्या हाती हुलसूरकडील एका बाईची चिठ्ठी आली. त्या ओवीचा पहिला चरण मराठी आणि दुसरा पूर्ण कानडी. तो कानडी चरण देवनागरीत लिहावा की त्याच्या स्वतःच्या लिपीत, यावर अक्का बराच वेळ विचार करीत बसली. तर्जनी कागदाच्या वर अधांतरी होती. कॅमेरा तिच्याकडे पाहत होता, मेजाखालचा कान टवकारलेला होता, आणि पडद्यावर काहीही उमटत नव्हते. मग तिने लिपी बदलण्याच्या खुणेवर हलकेच टकटक केली आणि पुढचे अक्षर लिहू लागली.